लालबागपर्यंत पोचवायला

आमचं ऑफिस फोर्टात होतं, बंदराकडे जाणाऱ्या एका गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर. जहाजांनी येणाऱ्या मालाचे कागद तिथे तयार होत. मी टायपिस्ट होते. लालबागच्या आमच्या चाळीतून ऑफिसात नोकरीला जाणारी मी पहिलीच मुलगी. बाकीच्या बायका गिरणीत जात, नाहीतर घरी खानावळ चालवत. माझे वडील गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते आणि आई आमच्या खोलीतच गावाकडच्या काही कामगारांना जेवू घालायची. आम्ही मालवणकडचे. घरात बोलणं सगळं मालवणी, आणि ऑफिसात मात्र मी तोंड उघडण्याआधी वाक्य मनात एकदा धुऊन घ्यायची.

ऑफिसातले हेडक्लार्क पन्नाशीचे होते. गिरगावातल्या एका वाडीत राहत. धोतर, काळा कोट, काळी टोपी, पायांत काळे पंपशू. त्यांचा पाण्याचा तांब्या वेगळा असे. घरून भरून आणत, कपाटावर ठेवत आणि त्यावर फुलपात्र पालथं घालत. मला त्यांची भीती वाटायची. टायपात चूक झाली तर ते रागवत नसत. चुकलेल्या शब्दाखाली नुसती नखाने रेघ ओढत. कागदावर वळ उठायचा. त्या वळाची मला धास्ती असे.

मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही, वेगळी ठेवणार, असं दिल्लीहून जाहीर झालं आणि शहर पेटलं, ते हे दिवस. आमच्याकडे गिरण्या बंद पडल्या होत्या. चाळीच्या तोंडाशी माणसं रात्रंदिवस उभी असायची. त्या दिवशी सकाळी जरा शांत वाटलं. ट्राम चालू होती. आई नको म्हणत होती, पण मी गेले. नोकरी नवी होती.

दुपारी जेवणाच्या सुट्टीनंतर रस्त्यावरून ओरडा आला. आधी घोषणा, मग पळणाऱ्या पावलांचा आवाज, मग फटाक्यासारखं काहीतरी. हेडक्लार्क उठले आणि स्वतःच्या हाताने सगळ्या खिडक्या लावल्या. तरीही थोड्या वेळात डोळे चुरचुरायला लागले. अश्रुधूर होता. आम्ही पदर, रुमाल ओले करून तोंडावर धरले. शिपाई खाली जाऊन आला. ट्रामा उभ्या आहेत म्हणाला, बस नाही, दोन्हीकडच्या लोकल गाड्याही बंद आहेत. गोळीबार झालाय आणि माणसं मेलीत. किती, ते कुणालाच माहीत नव्हतं.

मोठा साहेब आपल्या मोटारीतून निघून गेला. कुलाब्याकडचे लोक एकमेकांबरोबर गेले. गिरगाव-ठाकूरद्वारकडच्यांचा एक घोळका झाला. लालबाग-परळकडची मी एकटी उरले. मी टाइपरायटरवर कव्हर घातलं, पुन्हा काढलं, पुन्हा घातलं. हेडक्लार्क दाराशी थांबले होते.

“तुझं घर कुठे?” त्यांनी विचारलं. इतक्या महिन्यांत कामाव्यतिरिक्त पहिल्यांदाच ते माझ्याशी बोलत होते.

“लालबाग.”

“चल. निदान गिरगावापर्यंत माझ्याबरोबर ये. मग बघू.”

जिन्यात मी “बरं, साहेब,” म्हणाले, तर ते वळले. “रस्त्यात साहेब म्हणू नकोस. आजचा दिवस साहेब म्हणवून घ्यायचा नाही. काका म्हण.”

बोरीबंदराच्या बाजूला आम्ही गेलोच नाही. गल्लीबोळांतून धोबीतलावाकडे निघालो. सगळ्या दुकानांच्या फळ्या लावलेल्या. रस्त्यात एक ट्राम रिकामी उभी होती. तिच्या काचा फुटलेल्या आणि आत बाकावर कुणाचा तरी जेवणाचा डबा तसाच राहिलेला. लोक मुकाट्याने चालत होते. इतकी माणसं एकाच दिशेने बोलल्याशिवाय चाललेली मी आधी पाहिली नव्हती. एका ठिकाणी रस्त्यावर माती टाकली होती. काकांनी माझ्या आणि त्या मातीच्या मधून चालायला सुरुवात केली, म्हणून मला कळलं की ती माती कशावर टाकली आहे.

त्यांच्या वाडीत पोचलो तेव्हा उन्हं कलली नव्हती. काकू गॅलरीत उभ्या होत्या. आम्हाला पाहून त्या कठड्यापासून मागे सरल्या आणि मग जिन्याच्या तोंडाशी येऊन उभ्या राहिल्या. बारीक चणीच्या, नऊवारी नेसलेल्या. त्यांनी नवऱ्याला काही विचारलं नाही. मलाच म्हणाल्या, “आत ये हो बाळ. पाय धुऊन घे.”

दोन खोल्यांचं बिऱ्हाड. मूलबाळ नव्हतं. काकूंनी आम्हाला ताकभात वाढला आणि सोबत लिंबाचं लोणचं. खाऊन झाल्यावर त्या म्हणाल्या, “आज ही इथेच राहील. उद्या बघू काय होतं ते.”

मलाही तेच बरं वाटलं होतं, खरं सांगायचं तर. पाय दुखत होते आणि पुढच्या रस्त्याची भीती वाटत होती. तेवढ्यात शेजारच्या बिऱ्हाडातले गृहस्थ सांगायला आले की लालबागेतही गोळीबार झाला म्हणतात, पोलीस चाळींत घुसून मारताहेत. हे ऐकल्यावर मी दाराकडे बघायला लागले. माझ्याकडे पाहून काकांना कळलं असावं. ते उठले. सवयीने कोट-टोपी चढवली, मग दोन्ही काढून खुंटीला लावली.

“काय करताय?” काकूंनी विचारलं.

“हिला लालबागला सोडून येतो. कोट नको. कोटवाला दिसला की कुणाला तो सरकारी वाटायचा.”

“अहो, आत्ताच तर आलात. तिचे आईवडील समजून घेतील ना. शहाणी माणसं असतील.”

“शहाणी असतील, पण वाट तर बघतील.” ते जरा थांबले. “गोदीत स्फोट झाला त्या दिवशी आई या गॅलरीत उभी होती. तू आत घेऊन येत होतीस, ती पुन्हा बाहेर जात होती. आठवतं ना?”

काकू स्वयंपाकघरात जाऊन आल्या. त्यांनी माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवला. नंतर वाटेत काकांनी मला सांगितलं, की त्यांचा धाकटा भाऊ गोदीत कामाला होता. स्फोटानंतर तो सापडलाच नाही, त्याचं काहीच सापडलं नाही. त्यांच्या आईने पुढे मरेपर्यंत संध्याकाळी गॅलरीत उभं राहणं सोडलं नाही. “तो गेला त्याचं दुःख होतंच,” ते म्हणाले, “पण ती नुसती उभी राहायची ना, ते बघणं फार वाईट होतं.” हे त्यांनी पुढे बघत, चालता चालता सांगितलं. मी नुसतं हं म्हणाले. अशा वेळी मोठ्या माणसाला काय म्हणायचं असतं ते मला माहीत नव्हतं.

खेतवाडीतून, नागपाड्याच्या बाजूने आम्ही भायखळ्याला आलो. वाटेत एका ठिकाणी पोलिसांनी हटकलं. काका म्हणाले, “मुलीला घरी नेतोय.” पोलीस मराठीच होता, आमच्या कोकणातला असावा बोलण्यावरून. त्याने आमच्याकडे न बघता हात हलवला आणि हळूच म्हणाला, “लवकर जावा. सहाला कर्फ्यू लागतोय.” भायखळ्याच्या पुढे मोठ्या रस्त्यावर धूर दिसत होता, म्हणून आम्ही घोडपदेवकडे वळलो.

घोडपदेवच्या चाळींत बायका उंबऱ्यावर बसल्या होत्या. पुरुष फारसे दिसत नव्हते. काकांचा श्वास लागला होता. एका दारापाशी ते भिंतीला हात लावून उभे राहिले, तर आतून एक बाई बाहेर आली. माझ्या आईच्या वयाची, कपाळावर मोठं गोंदण. मी म्हटलं, “मावशी, जरा पाणी मिळेल का?”

ती आत गेली आणि दोन पेले भरून आली. पण पेले पुढे न करता काकांच्या गळ्यातल्या जानव्याकडे बघत राहिली. घामाने सदरा अंगाला चिकटला होता, आतलं जानवं दिसत होतं.

“तुम्हाला आमचं पाणी चालंल का?” तिने विचारलं. “नाय, नंतर कोणी बोलायला नको. आधी सांगितलेलं बरं.”

मला ऑफिसातला तो तांब्या आठवला. मी खाली बघितलं. काकांनी हात पुढे करून पेला घेतला आणि एका दमात प्यायले. मग म्हणाले, “अजून आहे का?” तिने दुसरा दिला. तोही प्यायले. मग पेला कुठे ठेवावा हे त्यांना कळेना. विसळायला पाणी शोधल्यासारखं त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. बाईने तो त्यांच्या हातातून काढून घेतला.

“राहू द्या. पावणे माणूस तुमी.” मग तिने आम्हाला वाट सांगितली. “मेन रोडला जाऊ नका. काळाचौकीच्या अंगानं आत घुसा. माझी लेक पण परळला अडकून राहिली होती काल. रातभर आली नाय.”

“आली का मग?” काकांनी विचारलं.

“आली. सकाळच्याला आली.”

काका “बरं झालं,” म्हणाले, आणि आम्ही निघालो.

काळाचौकीच्या अलीकडे त्यांच्या एका पंपशूचा तळ सुटला. आधी नुसता फटफटत होता, मग पुढून उघडलाच. त्यांनी रुमालाने बांधून बघितलं, पण चार पावलांवर रुमाल निसटायचा. शेवटी ते तो बूट घासत घासत चालू लागले. मी माझ्या चपला देऊ का म्हटलं. ते हसले. त्यांना हसताना मी तेव्हाच पाहिलं. “तुझ्या चपलेत माझा नुसता अंगठा मावेल,” म्हणाले.

आमच्या चाळीच्या फाटकाशी माझे वडील उभे होते. ते दोनदा भायखळ्यापर्यंत जाऊन आले होते, असं नंतर कळलं. हमरस्त्याने गेल्यामुळे चुकामूक झाली. मला बघून ते आधी पुढे आलेच नाहीत. वर गॅलरीकडे बघून आईला हाक मारली. आई जिना उतरून धावत आली आणि तिने माझे दोन्ही दंड दाबून पाहिले, जशी बाजारात भाजी दाबून बघतात.

“खंय होतंस गो? खंय होतंस?” एवढंच ती म्हणत राहिली.

काका बाजूला उभे होते. मी वडिलांना सांगितलं की हे आमचे हेडक्लार्क, हे मला चालत घेऊन आले. वडिलांनी त्यांच्यासमोर हात जोडले. गिरणीतल्या जॉबरसमोर, मुकादमासमोरही न वाकणारा माझा बाप त्यांच्या पायाशी वाकायला लागला, तेव्हा काकांनी त्यांना धरलं.

आईने चहा आणला. काकांनी उभ्यानेच घेतला. गोळीबार झाला होता हे खरं होतं, आमच्या पलीकडच्या चाळीतला एकजण गेला होता. पण आमच्याकडे सगळे सुखरूप होते.

“साहेब, आज हयच रवा,” वडील म्हणाले. “वाटेर काय होयत, सांगूक येना नाय.”

“घरी ती एकटी आहे,” काका म्हणाले. “जातो. सहाच्या आत पोचेन.”

“मग मी येतंय भायखळ्यापर्यंत.”

“आणि मग तुम्हाला परत पोचवायला कोण येणार?”

वडिलांनी मान खाली घातली. त्यांचं लक्ष त्या फाटक्या बुटाकडे गेलं. त्यांनी आपल्या पायांतल्या टायरच्या चपला काढल्या आणि काकांच्या पुढ्यात ठेवल्या. गिरणीतले सगळेच तेव्हा मोटारीच्या जुन्या टायरच्या चपला वापरत. काका नको म्हणाले, वडिलांनी ऐकलं नाही. पंपशू आईने कागदात गुंडाळून ठेवले, शिवून पाठवू म्हणून. त्या चपला काकांना थोड्या मोठ्या होत होत्या. फाटकातून बाहेर पडताना त्यांनी मागे वळून मला म्हटलं, “उद्या ऑफिस नसेल. रस्ता मोकळा झाल्याशिवाय निघू नकोस.”

ते गेले तेव्हा अजून उजेड होता.

दुसऱ्या दिवशी बाहेर पडायची सोय नव्हती. त्याच्या पुढच्या सकाळी कर्फ्यू काही तास उठवला. वडील म्हणाले, “साहेब पोचले काय, ते बघून येवक व्हया.” घर मलाच माहीत होतं, म्हणून मला बरोबर घेतलं. आईने चाळीतल्याच एकाकडून शिवून घेतलेले पंपशू दिले. वडिलांकडे दुसऱ्या चपला नव्हत्या, ते अनवाणीच निघाले. आम्ही आल्या वाटेनेच उलट चालत गेलो. घोडपदेवला ती बाई दिसली नाही.

वाडीत शिरलो तेव्हा काकू गॅलरीतच होत्या, पण निवांत. तांदूळ निवडत होत्या. मला बघून त्या उभ्या राहिल्या, माझ्या मागे वडील दिसले, आणि त्यांच्याही मागे त्या बघायला लागल्या. आम्ही वर पोचलो तरी त्या जिन्याकडे बघत होत्या.

“ते मागाहून येताहेत का?” त्यांनी विचारलं.

मला प्रश्नच कळला नाही.

“मी म्हटलं कर्फ्यू लागला, तुमच्याकडेच राहिले असतील. शहाणपणा केला म्हटलं एकदाचा.” त्या वडिलांकडे बघून थोडं हसल्या. “तुम्हाला फार त्रास झाला असेल दोन दिवस.”

वडिलांच्या हातात पंपशूंचा कागद होता. त्यांनी तो माझ्या हातात दिला. मलाच सांगावं लागलं, की काका त्याच संध्याकाळी निघाले. काकू खाली बसल्या. पण रडल्या नाहीत. कुणाकडे तरी राहिले असतील, वाटेत त्यांचे एक चुलतभाऊ राहतात, असं काहीबाही बोलायला लागल्या.

आवाज ऐकून परवाचे ते शेजारी आले. भले गृहस्थ होते. वाडीतला एक मुलगा बेपत्ता होता, त्याला शोधायला ते कर्फ्यू उठताच सकाळी परळच्या मोठ्या हॉस्पिटलात जाऊन आले होते.

“वहिनी, तुम्ही घाबरू नका,” ते म्हणाले. “मी आत्ताच तिथून येतोय. आपल्यातलं कोणी नाही तिथे. एक बिनओळखीचा आहे, पण तो गिरणी कामगार. मला वॉर्डबॉयने सांगितलं ना. सदरा, धोतर आणि पायांत टायरच्या चपला. चिंचपोकळीच्या पुलाजवळ उचललाय.”

काकूंनी हुश्श केलं. त्यांनी ते इतकं स्पष्ट केलं, की अजून माझ्या कानात आहे. त्यांना चपलांचं ठाऊक नव्हतं. त्यांच्या डोळ्यांसमोर पंपशू घातलेला माणूस होता.

वडील भिंतीला टेकून उभे होते. ते आपल्या पायांकडे बघत होते. धुळीने भरलेले, एका बोटातून रक्त आलेलं. ते म्हणाले, “चपला माझ्या आसत.”

“काय?” शेजाऱ्यांनी विचारलं.

“साहेबांचो बूट फाटलो होतो. मी माझ्या दिल्या. त्या चपला माझ्या आसत.”

मग आम्ही परळला निघालो. काकू, ते शेजारी, वडील आणि मी. काकूंना येऊ नका असं सगळ्यांनी सांगितलं, पण त्यांनी पायांत वहाणा सरकवल्या आणि जिना उतरल्या. इतकं लांब त्या बहुधा कधीच चालल्या नसतील. त्यांनी माझा हात धरला होता. घट्ट नव्हे, रस्ता ओलांडताना म्हातारं माणूस धरतं तसा. खेतवाडी मागे पडली. मग त्यांनी विचारलं, “वाटेत काय बोलले?”

मी आठवून आठवून सांगत गेले. भावाबद्दल बोलले, हे सांगितलं. अंगठ्याचं सांगितलं. घोडपदेवला आम्ही पाणी मागितलं, बाईने चालेल का विचारलं, तेही सांगितलं.

“मग?”

“दोन पेले प्यायले.”

काकू चालता चालता थांबल्या. “प्यायले?”

“हो.”

“सोवळ्याचं फार होतं त्यांना. मीच कधीकधी चिडायची.” त्या पुन्हा चालू लागल्या. “बरं झालं. तहानलेले नव्हते म्हणजे.”

हॉस्पिटलात ओळख पटवायला काकू आणि शेजारी आत गेले. आम्ही बाहेर बाकावर बसलो. वडिलांनी सबंध वेळ दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले होते. काही वेळाने शेजारी एकटेच बाहेर आले आणि चष्मा काढून धोतराने पुसत राहिले. गोळी पाठीत लागली होती. आदल्या दिवशी पहाटेपर्यंत जीव होता, असं नर्सने सांगितलं. कर्फ्यू लागायच्या आधीच, उजेडी, पुलाच्या तोंडाशी पळापळ झाली आणि गोळ्या सुटल्या. ते मोठ्या रस्त्यावर कसे आले, आम्ही आलो ती आतली वाट त्यांनी का सोडली, हे कुणाला कधीच कळलं नाही. घाई असेल. मोठा रस्ता जवळचा पडतो.

पोलिसांनी गर्दी करू दिली नाही. गिरगावात न्यायलाही परवानगी मिळाली नाही. परळमधूनच, भोईवाड्याच्या स्मशानात नेलं. वाडीतली माणसं येऊ शकली नाहीत, तेव्हा वडिलांनी आमच्या चाळीतून माणसं आणली. सगळे साच्यावरचे, कापडखात्यातले. ज्यांनी त्यांना कधी पाहिलं नव्हतं, त्यांनी खांदा दिला. अग्नी शेजाऱ्यांनी दिला. हॉस्पिटलातून मिळालेल्या गाठोड्यात चपला होत्या. काकूंनी त्या उचलून वडिलांच्या पुढे ठेवल्या. “तुमच्या आहेत. घ्या.” वडिलांनी घेतल्या, पण घातल्या नाहीत. हातात धरून घरी आले आणि माळ्यावर टाकल्या. पंपशू काकूंच्या घरी राहिले.

ऑफिस सुरू झालं. त्यांच्या जागेवर दुसरे गृहस्थ आले. ते चुकलेला कागद चुरगळून टोपलीत टाकत. कपाटावरचा तांब्या मी शिपायाकडून मागून घेतला आणि काकूंना नेऊन दिला. त्यानंतर दर शनिवारी ऑफिस अर्धा दिवस झालं की मी चालत गिरगावात जायची. आई कधी काकूंसाठी सुके बांगडे बांधून द्यायला निघायची आणि मग जीभ चावून पोळे, नाहीतर खोबऱ्याच्या वड्या द्यायची. काकू वाडीतल्या लहान मुलांना शिकवू लागल्या होत्या. मी गेले की मुलांना सुट्टी मिळायची, म्हणून मुलांना मी आवडायची. सुरुवातीला मला तिथे बसवत नसे. मी आले म्हणजे काकूंना ती संध्याकाळ आठवत असेल, असं वाटून एकदा मी दोन-तीन शनिवार गेलेच नाही. तर काकू लालबागला आल्या, पत्ता विचारत विचारत. आईला म्हणाल्या, “पोरगी आजारी आहे का?” आईने त्यांना जेवल्याशिवाय सोडलं नाही. वडील त्यांना गिरगावापर्यंत पोचवून आले. ट्रामने.

मग एकदाचं राज्य झालं, मुंबईसकट. त्या रात्री लालबागेत दिवाळी होती. गुलालाने रस्ते लाल झाले होते. ज्या चाळीतला माणूस गेला होता तिथे त्याच्या आईला खुर्चीवर बसवून हार घातला. वडील मला म्हणाले, “तू गिरगावात जा. त्यांका एकटा ठेव नको.”

मी गेले. वाडीत रांगोळ्या घातल्या होत्या. सगळ्या गॅलऱ्यांत दिवे होते, काकूंच्या गॅलरीतही दोन पणत्या होत्या. त्यांनी शिरा केला होता, कारण वाडीतल्या प्रत्येक घरी काहीतरी गोड केलं होतं. आम्ही आत बसलो. रस्त्यावरून मिरवणुका जात होत्या, त्यामुळे बोलायला आवाज चढवावा लागत होता.

इतकी वर्षं मी विचारलं नव्हतं ते त्या रात्री विचारलं. “काकू, माझा राग आला का हो कधी?”

त्यांनी लगेच नाही म्हटलं नाही. विचार केला. “राग आला. पण तुझा नाही आला. त्यांचा आला.” शिऱ्याची बशी त्यांनी माझ्याकडे सरकवली. “ज्या बायकांचे नवरे त्या दिवशी गेले ना, त्यांचे घरी पोचले नाहीत म्हणून गेले. माझे पोचले होते. पाय धुतले, जेवले, कोट खुंटीला लावला. माझं माणूस घरी आलं होतं. याचा राग येतो. कुणावर काढणार?”

मी रडायला लागले. त्या रडल्या नाहीत. उठून त्यांनी गॅलरीचं दार लावून घेतलं, म्हणजे बाहेरचा आवाज कमी झाला. मग माझ्या शेजारी येऊन बसल्या आणि म्हणाल्या, “खा. थंड झाला की तूप वर येतं.”

त्यानंतर पुष्कळ वर्षं त्या होत्या. माझं लग्न त्यांनी पाहिलं. कार्यालयात त्या मागच्या रांगेत भिंतीला टेकून बसल्या होत्या, विधवा म्हणून पुढे येत नव्हत्या. आमची आई, जिने आयुष्यात एकही उपास आणि एकही रूढी मोडली नाही, ती भर मंगलाष्टकांत मागे गेली, त्यांच्या दंडाला धरून त्यांना पुढे घेऊन आली आणि त्यांच्या ओंजळीत अक्षता दिल्या. कुणीतरी कुजबुजलं. आईने तिकडे बघितलं नाही. शेवटी शेवटी काकूंना दिसेनासं झालं, तेव्हा त्यांच्या भाचीने त्यांना नाशिकला नेलं. तिथे त्या गेल्या. मला कळलं तेव्हा तेरावा होऊन गेला होता.

वाडी आता पाडली. तिथे उंच इमारत उभी राहते आहे. परवा मी टॅक्सीतून जाताना बघितलं, तर पत्र्यांचं कुंपण घातलंय आणि आत खणलेलं आहे. सिग्नल लवकर सुटला, नीट बघता आलं नाही.